कडुलिंबापाशी गाडी मिस करते

माझ्या गॅरेजात एक काळी घोंगडी खुंटीला टांगलेली असते. गिऱ्हाइकं विचारतात, मिस्त्री, दुपारी इथंच ताणून देता काय? ताणून द्यायला वेळ कुणाकडं आहे! ती घोंगडी भरदिवसा अंधार करायच्या कामाची आहे.

पेट्रोलच्या गाडीत चार सिलिंडर, प्रत्येकात एक प्लग आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल. प्लग खोल भोकात बसलेला असतो. कॉइलची रबरी नळी त्या भोकात उतरून त्याला घट्ट धरते. कॉइलनं वीज द्यायची, प्लगनं ठिणगी पाडायची, पेट्रोल पेटायचं. कॉइल म्हातारी झाली की रबराला केसाएवढी चीर जाते आणि ठिणगी आत पडायची सोडून बाहेरच्या बाहेर लोखंडावर उडी मारते. मग तो सिलिंडर पेटत नाही, गाडी झटके मारते. आम्ही म्हणतो, गाडी मिस करते. ती बाहेर पळणारी ठिणगी उजेडात दिसत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून मी बोनेटवरून घोंगडी सोडतो, आत डोकं घालतो आणि कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा मारतो. ओलाव्यानं विजेला वाट मिळते. डोळे अंधाराला सरावले की भोकाच्या काठावर एक निळी रेघ दिसते. टिक्, टिक् करत असते.

रेघ दिसली म्हणजे दोष सापडला, आनंद व्हायला हवा. पण खरं सांगतो, दर वेळी मी घाबरतो. त्या कोंडलेल्या अंधारात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे असं वाटत राहतं. मी तोंडानं फार शहाणा माणूस आहे. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी भर चौकात टर उडवतो. आणि घोंगडीतून डोकं बाहेर काढलं की आधी मागं वळून बघतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं गॅरेज नळदुर्गात, हायवेला लागून. एका बाजूला ढाबा, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, समोर ट्रकांची रांग. गावातले एक भुसार व्यापारी माझं जुनं गिऱ्हाईक होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला चपचपीत खोबरेल, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. गाडीवर त्यांचा भारी जीव. बायको कायम शेजारच्या सीटवर. व्यापाऱ्यांना मी मालक म्हणायचो, त्यांच्या बायकोला अक्का. एकदा अक्कांनी माझ्यासमोरच विचारलं होतं, "मला शिकवता का चालवाय?"

मालक म्हणाले, "तू हिकडं बसलीस तर शेजारी कोण बसंल?"

आम्ही सगळे हसलो. अक्काही हसल्या.

मागच्याच्या मागच्या वर्षी श्रावणात मालक गाडी दाखवायला आले. मी चारही कॉइल काढून बघितल्या आणि म्हणालो, तीन नंबरची आता फार दिवस काढायची नाही, बदलून टाकू. ते म्हणाले, "फुडच्या आवसेला बघू." आणि दोघं तुळजापूरला निघाले. गावाबाहेर त्या रस्त्याला एक लांब चढ आहे. चढाच्या मध्यावर, डाव्या हाताला एक मोठा कडुलिंब. त्या झाडाखाली मालकांनी गाडी शिस्तीत बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अक्कांना वाटलं, चक्कर आली असंल. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही आणि माणूस मात्र गेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

वर्षभर गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मग अक्कांनी, पन्नाशी उलटल्यावर, ती चालवायला शिकून घेतली. दुकान त्या बघू लागल्याच होत्या. आठवड्याला तुळजापूरच्या आडतीवर जावं लागायचं आणि दर वेळी दिराच्या तोंडाकडं बघायचा त्यांना वीट आला होता. दीर हुशार होता. गाडी गेली की अक्का घरात बसणार, अक्का घरात बसल्या की दुकान आपसूक त्याच्या हाती येणार, हा त्याचा हिशेब सगळ्या गल्लीला ठाऊक होता. अक्कांनाही ठाऊक होता. म्हणून तर त्या स्टिअरिंगला दोन्ही हातांनी असं धरायच्या की बघणाऱ्याची बोटं दुखावीत.

भाद्रपदात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती गाडी झटके मारत माझ्या दारात आली. अक्का एकट्याच होत्या. इंजिन बंद केलं तरी खाली उतरेनात.

"मिस्त्री, लिंबापाशी मिस कराय लागली."

"कुठल्या लिंबापाशी?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"कुठल्या म्हंजी? ह्येंच्या."

तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्याच जागी गाडी थरथरली होती. पुढं सपाटीला लागली की पुन्हा नीट, आज मात्र गावापर्यंत झटके मारतच आली होती. दिरानं ऐकल्याबरोबर निकाल देऊन टाकला होता, की गाडीला आपला मालक ओळखू येतो, बाईमाणसाच्या हातानं ती त्या झाडापुढं जायची नाही.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

अक्कांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "मला वाटतं, म्या ह्या सीटवर बसले त्ये ह्येंला आवडलं न्हाई."

मी मोठ्यानं हसलो. मिस्त्री घाबरला की हसतो, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. मग कामाला लागलो. एकेका कॉइलची वायर काढून इंजिनाचा आवाज ऐकला. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला. तीन नंबरची वायर काढली तर आवाजात फरकच पडला नाही, म्हणजे तिथं आधीपासूनच काही चालू नव्हतं. मग तिथली कॉइल एक नंबरवर बसवली आणि एकची तिथं. आता तीन नंबर चालू झाला आणि एक बंद पडला. दोष कॉइलबरोबर चालत गेला. तरी खात्रीसाठी घोंगडी सोडली, फवारा मारला. निळी रेघ होती. मालकांना दाखवलेली तीच कॉइल.

मी ती अक्कांच्या हातात दिली, रबरावरची काळी रेघ नखानं दाखवली. "ह्ये बघा तुमचं भूत. चढावर इंजिनाला जोर लागतो आणि त्या लिंबापाशी चढ सगळ्यात उभा हाय. कमजोर कॉइल तिथंच उघडी पडणार. दुसरं काही न्हाई."

एकची कॉइल परत एकवर बसवली, तीनवर नवी टाकली, चारही प्लग बदलले. जुन्या प्लगांची टोकं काळी पडली होती. कॉइलांच्या वर एक प्लास्टिकचं झाकण असतं, त्याची एक खुंटी काढताना तुटली, म्हणून ते बसवलंच नाही, कोपऱ्यात भिरकावून दिलं. आमच्यात सर्रास असंच करतात. झाकणाविना गाडी काही अडत नाही. मग गाडी बघायला अक्कांना घेऊन त्या चढावर गेलो. मी चालवत होतो. झाड जवळ आलं तसा मी श्वास रोखून धरला. गाडी लोण्यातून गेल्यासारखी वर गेली.

गॅरेजवर परतल्यावर अक्कांनी विचारलं, "आता न्हाई ना थांबायची?"

न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. पण मला मालकांचं ते "फुडच्या आवसेला बघू" आठवलं, आणि पुन्हा काही झालं तर बोल आपल्यावर यायला नको असंही वाटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. मी म्हणालो, "अक्का, मनाला वाटत असंल तर आवसेच्या आवसेला तिथं एक नारळ फोडा. इंजिनाला पाणी दाखवा. आमी बी गॅरेजात करतो."

आम्ही करतो हे खोटं नव्हतं. आमच्याकडं अमावास्येला निम्म्या गावाच्या गाड्या धुऊन पुजल्या जातात. नारळ फोडायचा, त्याच्या पाण्यात बोटं बुडवायची, इंजिनावर चार थेंब शिंपडायचे, याला पाणी दाखवणं म्हणतात. तोंडाला आलं ते मी बोललो आणि पुढच्या गाडीखाली शिरलो.

सर्वपित्री अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा दारात. चेहरा उतरलेला.

"तुमी म्हणलाव तसं केलं. लिंबापाशी थांबले, नारळ फोडला. निघाले आणि लागली की झटके माराय. तुळजापूर येस्तवर मारत हुती. येताना काई न्हाई."

मी गाडी चालू केली. चारही सिलिंडर एकसुरात. स्कॅनर लावला, तर गाडीनं आपल्या आठवणीत एक खूण करून ठेवली होती, दोन नंबर मिस झाला म्हणून. दोन नंबर! तिथं तर काही दोष नव्हता. वायरी काढून बघितल्या, कॉइलांची अदलाबदल केली, प्लग काढले. टोकं विटकरी, निरोगी. दोन नंबरच्या भोकात तळाशी पिवळसर चिकट डाग होता. जुन्या गाडीत तेल पाझरतंच, असं म्हणून मी तो पुसून टाकला. शेवटी घोंगडी सोडली आणि इंजिन चालू ठेवून आत डोकं घातलं.

निळी रेघ नव्हती. बराच वेळ मी त्या काळोखात डोळे ताणून उभा होतो. इंजिन तापत गेलं आणि हळूहळू एक वास यायला लागला. पेट्रोलचा नाही, रबराचा नाही, तेलाचाही नाही. गोडूस, जळकट, खोबऱ्याचा.

घोंगडीच्या बाहेरून, अगदी कानाशी, अक्कांचा आवाज आला. "आला का वास?"

मी घोंगडीची कड वर केली.

"झटके मारती तवा असाच येतो. ह्येंच्या डोक्याचा हाय त्यो."

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या हातावरचे केस उभे होते. अक्कांनी ते बघितलं. मी उगाच नवे प्लग पुन्हा काढून पुन्हा बसवले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नारळ नीट फोडला हुता नव्हं?"

"व्हय."

"मग फोडत ऱ्हावा."

दिवाळीच्या अमावास्येला तेच. या वेळी खूण चार नंबरची. मधल्या साऱ्या फेऱ्यांना गाडी बिनतक्रार जायची, यायची. त्याच चढावरून, त्याच झाडाजवळून. फक्त अमावास्येला मिस करायची. कार्तिकातल्या अमावास्येला दोन आणि तीन, दोन्ही नंबर गेले. तीन नंबरवर माझी नवी कॉइल होती! दोष असा एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरताना मी कधी पाहिला नव्हता. खराब कॉइल जिथं असते तिथं खराब असते. हा मात्र आत बसून कुणीतरी बोटं टेकवत चालल्यासारखा फिरत होता. एकदा माझ्या स्वप्नात मालक आले. बोनेट उघडून उभे होते आणि म्हणत होते, मिस्त्री, आवस आली. मी दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.

गावात बोलणं पसरलं. दीर एकदा माझ्याकडं चहा प्यायला म्हणून आला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हातानं न्हाई हुत म्हंजी गाडीचा दोष न्हाईच. तुमीच सांगा की वैनीला." मी काही बोललो नाही. नाही असंही म्हणालो नाही. त्याला तेवढं पुरलं.

मग मार्गशीर्षातली अमावास्या आली. आमच्या भागात ती येळवस. त्या दिवशी गाव ओस पडतं. झाडून सगळे शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, आंबील पितात, भज्जी-भाकरी खातात. भर दुपारी नळदुर्गाच्या गल्ल्यांतून चाललात तर तुमच्या चपलांचा आवाज तुम्हालाच ऐकू येतो. ढाबा बंद, पंक्चरवाला बंद. मी घरच्यांना पुढं पाठवून गॅरेजाचं शटर ओढायला मागं थांबलो होतो. तेवढ्यात त्या रिकाम्या रस्त्यावरून एकच गाडी आली.

अक्का म्हणाल्या, "उद्या उमरग्याचा माणूस गाडी न्याय येणार हाय. भाऊजींनी ठरवलंय. म्याच व्हय म्हणले."

"अक्का..."

"ह्येंलाच नगं असंल तर म्या कशाला हट्ट करू? दुकान बी बघतील भाऊजी. आज शेवटचं तिथं जाऊन यायचं हाय. एकटीला भ्या वाटतंय. तुमी संगं चला."

मलाही भ्या वाटत होतं. तरी पान्यांची पिशवी घेतली आणि शेजारच्या सीटवर बसलो. बसल्यावर लक्षात आलं, ही अक्कांची जागा. मग ती जागा टोचायला लागली.

तुळजापूरच्या रस्त्याला एक माणूस नव्हता. लांब शेतांमध्ये धूर दिसत होता, तेवढंच. गाडी सुरेख चालली होती. चढ लागला. लिंब आला. अक्कांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. एकामागून एक, अगदी मालकांनी केलं होतं तसं. इंजिन थांबलं आणि तापलेलं लोखंड गार होताना टिक्, टिक् वाजायला लागलं.

झाडाच्या बुडाशी दगड होता आणि आजूबाजूला जुन्या नारळांच्या करवंट्या. त्यांना मुंग्या लागल्या होत्या. अक्कांनी बोनेट उघडलं, दगडावर नारळ फोडला, आणि पाण्यानं भरलेली वाटी घेऊन इंजिनापाशी आल्या. मी वाट बघत होतो की त्या बोटं बुडवतील.

त्यांनी वाटी सरळ इंजिनावर पालथी केली.

"पैल्यांदा थोडं घातलं," त्या म्हणाल्या. "दिवाळीला अर्धं. मागल्या आवसेला समदं. आज दोन आणलेत." आणि दुसरा नारळ फोडून त्याचंही पाणी त्यांनी कॉइलांवर ओतलं, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं, एक हात आडवा धरून, हळू.

पाणी कॉइलांच्या बाजूनं भोकांत उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोन नंबरच्या काठावर बुडबुडे आले. गरम लोखंडावर चर्र झालं आणि वाफेबरोबर तो वास वर आला. गोडूस, जळकट, खोबऱ्याचा.

ज्या माणसानं अर्धं आयुष्य कॉइलवर पाणी मारून दोष शोधले, त्याला इतके दिवस हे सुचलं नव्हतं. झाकण असतं तर पाणी वरच अडलं असतं. झाकण मी भिरकावलं होतं. पाणी मी घालायला सांगितलं होतं. किती घालायचं ते सांगितलं नव्हतं. वर आणखी म्हणालो होतो, फोडत राहा. इंजिनाच्या उष्णतेनं तासाभरात सगळं वाळून जायचं आणि दुसऱ्या दिवशी मी कोरड्या इंजिनात भूत शोधत बसायचो.

आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. माझं मलाच नवल वाटलं. उद्या गाडी जाणार होती, कुणाला काही कळणार नव्हतं, नळदुर्गात माझ्या हाताची पत तशीच राहणार होती. अक्कांनी बोनेट लावलं, आत बसल्या, किल्ली फिरवली. गाडीनं पहिला झटका मारला तो माझ्या पाठीत बसला. दहा-वीस पावलं गाडी थरथरत, धडपडत चढली. अक्कांनी तिथंच थांबवली आणि समोरच्या काचेकडं बघून हळू आवाजात बोलायला लागल्या. माझ्याशी नाही.

"चुकलं माझं. देते उद्या. आता तरी राग सोडा."

मला ते ऐकवेना. "अक्का, इंजिन बंद करा."

मी बोनेट उघडलं, दहाच्या पान्यानं बोल्ट काढला आणि दोन नंबरची कॉइल वर ओढली. रबरावरून पाणी ठिबकत होतं. अक्कांना जवळ बोलावून आत बघायला लावलं. भोकात पाणी साचलं होतं, आरशासारखं स्थिर. मग मी सगळं सांगितलं. झाकणाचं, फवाऱ्याचं, चिकट डागाचं, चार थेंबांचं. मला भीती वाटली म्हणून मी नारळ सांगितला, हेही सांगितलं. बोलताना मान खाली घालून स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळत होतो आणि एकेक भोक टिपून काढत होतो. चारही भोकं कोरडी केली, कॉइल पुसून बसवल्या. "आता चालू करा."

गाडी चालू झाली. चारही सिलिंडर एकसुरात. अक्का स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ तो आवाज ऐकत होत्या.

"म्हंजी त्यो वास..."

"नारळाचा, अक्का."

"आणि ह्ये आडवत नव्हते."

"न्हाई."

मला वाटलं, त्या हसतील, सुटकेचा श्वास टाकतील. त्यांचा चेहरा तर आणखीच घट्ट झाला.

"तीन आवसा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तीन आवसा म्या हितं हुबं राहून त्यांची माफी मागत हुते. लगीन होऊन आले तवापासनं काय काय चुकलं, त्ये आठवून आठवून मागितली. त्यांला कवा कळलं बी नसंल आसलं समदं सांगून टाकलं. तुमच्या एका झाकणापायी."

"चुकलं अक्का. माफ करा."

"माझ्यापाशी काय मागता? आळ त्यांच्यावर घेतलाव. तिथं जाऊन मागा."

मी त्यांच्याकडं बघितलं. थट्टेचं काही चिन्ह नव्हतं. गाडी चालू ठेवून त्या समोर बघत बसल्या. मी उतारावरून चालत लिंबापर्यंत गेलो. दगडावर फुटलेल्या नारळाची ओल अजून वाळली नव्हती. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, चहूकडं उन्हात पसरलेली ज्वारी आणि माणसाचा मागमूस नाही. भरदिवसा, बाराच्या सुमाराला, एका झाडासमोर हात जोडून मी उभा राहिलो, आणि चौकात लोकांची टर उडवणारं माझं तोंड पार कोरडं पडलं.

"मालक," मी म्हणालो, "तुमचा काही दोष नव्हता. झाकण मी टाकलं. नारळ मी सांगितला. घाबरलो मी, आणि नाव तुमचं पुढं केलं."

मग थांबलो. काय ऐकू येईल याची वाट बघत होतो, कुणास ठाऊक. माझ्या मागं, चढावर, इंजिन चालू होतं. सबंध अंग कान झालं होतं. एक जरी ठोका चुकला असता तर मी तिथंच बसलो असतो. चुकला नाही. तो सारखा, शांत आवाज लिंबापर्यंत येत होता आणि मला कधी नव्हे इतकी भीती त्या शांतपणाची वाटली. एवढा वेळ ऐकून घेऊन कुणी गप्प राहिलं की वाटते तशी.

परत आलो. अक्कांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही न्हाई. गप्प हायत."

"मग झालं. राग आला की लई बोलायचे." त्यांनी पदरानं काच पुसली. "उमरग्याच्या माणसाला सांगते, गाडी द्यायची न्हाई म्हणून. भाऊजींनाबी सांगते."

मी शेजारचं दार उघडायला हात लावला.

"मागं बसा, मिस्त्री," अक्का म्हणाल्या.

मी मागं बसलो. त्यांनी हँडब्रेक सोडला, गाडी पहिल्या गिअरात टाकली आणि आम्ही वर निघालो. चढ संपेपर्यंत मी शेजारच्या सीटकडं बघितलं नाही.